ड्रिल मारलेल्या भोकांच्या आत फिनिश कसं लावायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फळीच्या वरच्या बाजूला फिनिश, म्हणजे तेल, लाख किंवा व्हार्निशचा हात, लावताना फारसं कुणाचं अडत नाही. अडतं ते भोकात. पेनस्टँड म्हणा, टेस्ट ट्यूबचा रॅक म्हणा, खुंट्यांचा बोर्ड म्हणा, भोकं पाडून होतात, वरून फळी छान गुळगुळीत घासून होते आणि मग ब्रश घेऊन बसलं की कळतं की आत ब्रश जात नाहीये, गेलाच तर सगळं काठावर निथळतंय, आणि तळाशी काय चाललंय ते दिसतच नाही. मी बरीच वर्षं लाकडात काम करतोय आणि तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकतोय, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढलं. माझं म्हणणं थोडक्यात असं की भोकात फिनिश घालणं सोपं आहे, जास्तीचं बाहेर काढणं हे खरं काम आहे आणि वेळ त्यालाच द्यायचा.

खाली दोन शब्द सारखे येतील. आरपार भोक म्हणजे दोन्हीकडून उघडं, बंद भोक म्हणजे ज्याला तळ आहे ते.

भोकाच्या आत फिनिश लावायलाच हवं का?

दरवेळी नाही, आणि हा प्रश्न आधी विचारला तर बरंच काम वाचतं. ज्या भोकात गोंद घालून डॉवेल, म्हणजे लाकडाची गोल दांडी, बसणार आहे तिथे लावायचंच नाही, कारण लाकूडकामाचा पांढरा गोंद कोऱ्या लाकडात मुरतो म्हणून धरतो, फिनिशवर तो नुसता वर बसतो आणि जोड सुटतो. कपाटात फळ्या खालीवर करायला ५ मिमीच्या भोकांची रांग असते, ३२-३२ मिमी अंतरावर, तिथेही नको, पिन अडकायला लागते. एकट्या राहणाऱ्या मधमाश्यांसाठी भोकं पाडलेले ओंडके करतात त्यात आतून काहीच लावू नका, ना तेल ना पॉलिश, त्यांना कोरडं कोरं लाकूडच लागतं. पक्ष्यांच्या पेटीलाही आतून तसंच. मेणबत्तीचं भोक असेल तर फिनिश ज्योतीपासून वाचवत नाही, उलट स्वतःच जळतं, तिथे धातूचा किंवा काचेचा कप बसवायचा आणि विषय संपवायचा.

बाकी जिथे ओला ब्रश किंवा ओली बाटली राहणार, जिथे सारखी वस्तू आतबाहेर होणार, जिथे भोक डोळ्यासमोर आहे किंवा वस्तू पावसापाण्यात राहणार, तिथे लावायचं.

वरची फळी आणि भोकाची भिंत एकाच लाकडाची, मग आत वेगळं का होतं?

एकदा टॉर्च मारून मोठ्या भोकात बघाच. फळीच्या सपाट बाजूने भोक पाडलं असेल तर भिंतीचे चार भाग दिसतात, समोरासमोरचे दोन चकचकीत आणि लांब रेषांचे, आणि उरलेले दोन खरखरीत, मंद, थोडे गडद. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी आहे असं धरा. ड्रिलने त्या जुडीला आडवं भोक पाडलं की दोन बाजूंना नळ्या उभ्या चिरल्या जातात आणि दोन बाजूंना त्यांची तोंडं उघडी पडतात. ही उघडी तोंडं म्हणजेच एंड ग्रेन. ती फिनिश अक्षरशः पितात. म्हणून एकाच भोकात एकच हात मारला तरी दोन बाजूंना चमक येते आणि दोन बाजू कोरड्या आणि काळपट राहतात, त्यात तुमचं काही चुकलेलं नसतं.

फळीच्या टोकाकडून भोक पाडलं तर उलटं होतं, भिंती सगळ्या लांब रेषांच्या आणि एंड ग्रेन फक्त तळाला. असं भोक पटकन भरतं, शोषत नाही, आणि तळाला मात्र फिनिश खोल उतरतं.

फिनिशच्या आधी भोक कसं तयार करायचं?

खरं तर तयारी ड्रिल मारतानाच सुरू होते. बोथट बिटने भोक पाडलं की लाकूड कापलं जात नाही, घासलं जातं, भिंत तापते, करपते आणि वर तुकतुकीत काळा थर येतो. या करपलेल्या थरात फिनिश मुरत नाही आणि नंतर तो पापुद्र्यासारखा सुटतो. धारदार ब्रॅड पॉइंट (मधे अणकुचीदार टोक असलेला) किंवा फोर्स्टनर (रुंद, सपाट तळाचं भोक पाडणारा) बिट वापरा, मधे मधे बिट बाहेर काढून भुसा निघू द्या, आणि आरपार भोक असेल तर खाली टाकाऊ लाकूड घट्ट दाबून धरा म्हणजे पलीकडून ढलपे उडत नाहीत.

आतून घासायला डॉवेलच्या टोकाला करवतीने एक उभी खाच पाडा, त्यात पॉलिश पेपरची पट्टी अडकवून गुंडाळा आणि हाताने फिरवा. १५०, मग २२० नंबर, बस. ड्रिलला लावूनही फिरवता येतं पण मग वेग कमी ठेवा, नाहीतर भोकाचं तोंड कर्ण्यासारखं पसरतं.

काठ मारणं विसरू नका. काउंटरसिंक बिट, म्हणजे भोकाची कड तिरपी कापणारा, हाताने दोन वेढे फिरवला तरी पुरे. टोकदार कडेवर कुठलंही फिनिश टिकत नाही, ओलं असताना ते कडेपासून मागे सरकतं आणि तिथे थर सगळ्यात पातळ राहतो, आणि हात, पेन, खुंटी सगळं नेमकं तिथेच घासतं.

शेवटी भुसा. वरची फळी घासली की त्याची सगळी भुकटी भोकांत जाते, म्हणून साफसफाई शेवटच्या घासण्यानंतर, आधी नाही. व्हॅक्यूमचा पाइप तोंडाशी धरून आत सुका ब्रश फिरवला की निघते. तोंडाने फुंकू नका, बंद भोकातली भुकटी सरळ डोळ्यात येते. कॉम्प्रेसरची हवा मारायची तर चष्मा लावूनच.

भोकासाठी सगळ्यात चांगलं फिनिश कोणतं?

मला विचाराल तर दहातल्या आठ वेळा पातळ केलेली लाख, म्हणजे चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून.

कारण असं आहे. फिनिश वाळायच्या दोन तऱ्हा आहेत. लाखेसारख्या फिनिशमधलं द्रावण उडून गेलं की ते वाळलं. जवसाचं उकळलेलं तेल, टंग तेल, डॅनिश ऑइल, तेलावर आधारलेलं पॉलियुरेथेन यांना मात्र हवेतला ऑक्सिजन लागतो, तो आत घेऊन ती घट्ट होतात. आता ८० मिमी खोल आणि १० मिमी रुंद बंद भोकात हवा किती फिरणार? जवळजवळ नाहीच. वर फळीवरचं तेल दोन दिवसांत वाळतं आणि आत तेच तेल महिनाभर चिकट राहतं आणि वास मारतं. लाखेला ती अडचण नाही, स्पिरिट उडालं की झालं, पातळ हात तर तासाभरात कोरडा होतो. कोट पातळ असल्यामुळे भोकाचं मापही फारसं बदलत नाही, आणि लाख बाकीच्या बहुतेक फिनिशच्या खाली चालते.

प्रमाण सांगतो, १०० मिली स्पिरिटला साधारण १२ ग्रॅम चपडा. रात्रभर भिजवा, गाळून घ्या. वरून पॉलियुरेथेन मारायचं असेल तर मेण काढलेली लाख घ्या, मेणावर पॉलियुरेथेन नीट धरत नाही. विरघळवलेली लाख जुनी झाली की वाळायचं सोडून देते आणि चिकट राहते, म्हणून बाटलीवर तारीख लिहा आणि सहा महिन्यांपेक्षा जुनी असेल तर आधी काचेवर एक थेंब टाकून बघा.

जिथे लाख चालत नाही ते पण सांगतो. स्पिरिट, परफ्यूम, सॅनिटायझर सांडण्याची शक्यता असेल तर ती विरघळते, गरम वस्तू ठेवली की मऊ पडते, आणि सतत पाणी राहिलं की पांढरी होते. अशा ठिकाणी पहिला हात लाखेचा आणि वर दोन पातळ हात पॉलियुरेथेनचे द्या. एक हात वाळला की मगच दुसरा.

लावायचं कशाने?

आरपार भोकासाठी चिंधीची पट्टी, याहून चांगलं काही मला सापडलेलं नाही. जुन्या सुती बनियनची पट्टी फाडायची, धागे सुटत नाहीत असं कापड बघून, एक टोक पीळ देऊन निमुळतं करायचं, भोकातून ओवायचं, मधला भाग फिनिशमध्ये बुडवून पिळून घ्यायचा आणि बुटाची नाडी ओढतो तसं दोन्ही हातांनी पुढेमागे ओढायचं. दोनतीनदा ओढलं की भिंत सगळीकडे ओली होते. मग लगेच दुसरी कोरडी पट्टी तशीच ओढायची, आणि ही कोरडी पट्टी टाळायची नाही, तिच्यामुळेच ओघळ येत नाहीत. लाकडी सुषिर वाद्यांच्या नळीला आतून तेल लावतात तेही साधारण असंच, चिंधी ओढून नाहीतर पिसाने.

बंद भोकाला ओढायला दुसरी बाजू नसते. तिथे भोकापेक्षा ३-४ मिमी बारीक डॉवेल घ्या, टोकाला स्पंजचा तुकडा किंवा फ्लॅनेल दोऱ्याने घट्ट बांधा. तो भोकात किंचित दाबून बसला पाहिजे, सैल नको, ठोकावाही लागायला नको. फिनिशमध्ये बुडवून बरणीच्या काठावर दाबून निथळा, मग आत घालून फिरवत फिरवत वर काढा. सरळ खाली दाबला तर पिचकारीच्या दट्ट्यासारखं होतं, हवा आणि फिनिश दोन्ही तोंडावर उसळतं. बाटली धुवायचा छोटा गोल ब्रशही चालतो पण तो केसांत फार फिनिश धरतो आणि बाहेर काढताना शिंतोडे उडवतो, मी नाही वापरत. कान साफ करायच्या कापसाच्या काड्या एकदोन भोकांना ठीक, चाळीस भोकांना नाही, शिवाय कापसाचे धागे सुटून आत चिकटतात.

वस्तू लहान असेल तर सरळ बुडवा. मणी, बटणं, चाव्यांचे लाकडी टॅग, यांच्यासाठी दोरीत ओवून लाखेत बुडवणं आणि झटकून टांगणं हेच बरोबर. फक्त टांगताना भोक आडवं राहील असं बघा आणि दोरी जरा वेळाने हलवा, नाहीतर दोरी आतच चिकटते.

अगदी बारीक भोकं आहेत, २-३ मिमीची. त्यात काहीच जात नाही.

जाड सुती दोरा ओवा, भिजवा, ओढा. बंद असेल तर टूथपिक. किंवा बोथट सुईची सिरिंज घ्या, एकच थेंब तळाशी सोडा आणि लगेच टिश्यूची पिळलेली वात आत घालून उरलेलं शोषून घ्या. इतक्या बारीक भोकात घट्ट फिनिश तोंडाशी पडद्यासारखं ताणलं जातं, साबणाचा फुगा धरावा तसं, आणि तसंच वाळलं तर भोक बुजलेलं दिसतं. म्हणून इथे फिनिश जितकं पातळ तितकं चांगलं.

स्प्रे मारला तर?

आरपार आणि उथळ भोकाला, तिरपा धरून, चालतो. खोल बंद भोकात नाही. आतली हवा दबून राहते, स्प्रेची धार तिच्यावर आपटून परत फिरते, मग वरच्या १०-१५ मिमीत भरपूर थर बसतो आणि खाली कोरडंच. उलट काठाभोवती जास्तीचं साचून ओघळ येतात ते वेगळंच. फळीवर स्प्रेच करायचाय तर करा, पण भोकं आधी हाताने करून घ्या.

बंद भोकाच्या तळाला फिनिश साचलंय आणि आठवडे झाले तरी चिकट आहे, काय करू?

हे माझ्याकडून झालेलं आहे म्हणून नीट सांगतो. एक पेनस्टँड केला होता, २४ भोकं, प्रत्येक ७० मिमी खोल. डॅनिश ऑइल सरळ भोकांत ओतलं, दहा मिनिटांनी उलटा केला, वाटलं निथळलं. फोर्स्टनर बिटच्या मधल्या टोकाने तळाला एक छोटा खड्डा पडतो, तेल त्या खड्ड्यात आणि तळाच्या कोपऱ्यात धरून राहिलं. तीन आठवड्यांनी ज्याला दिला त्याच्या पेन्सिलींची टोकं पिवळी चिकट व्हायला लागली. वरून बोट लावलं तर कोरडं, आत काडी खुपसली तर वर साय आणि खाली पातळ तेल. साय आली की खालच्या तेलाला हवाच मिळत नाही, मग ते तसंच राहतं.

उपाय असा. आधी काडीने साय फोडायची. टिश्यूची घट्ट वात तळापर्यंत घालून पाच मिनिटं ठेवायची, म्हणजे पातळ तेल वर चढतं, आणि ओली होणं थांबेपर्यंत वाती बदलत राहायच्या. मग टर्पेंटाइनमध्ये भिजवून पिळलेल्या बोळ्याने तळ पुसायचा, पुन्हा कोरडा बोळा. त्यानंतर वस्तू आडवी ठेवून पंख्याची हवा भोकांच्या तोंडावर येईल असं करायचं, तीनचार दिवस तरी. मी २४ भोकांचं हे सगळं केलं, अख्खी दुपार गेली, आणि वरून लाखेचा एक पातळ हात दिला तेव्हा वासही थांबला.

आता मी बंद भोकात काहीच ओतत नाही. ओतायचंच असेल तर आत ओतून लगेच उलटं, आणि वाती लगेच, नंतर नाही.

आधी भोकं की आधी फळी?

आधी भोकं. भोकातून बाहेर आलेला थेंब कोऱ्या फळीवर लगेच पुसता येतो आणि जो डाग उरेल तो नंतरच्या घासण्यात निघतो. फळी आधी करून ठेवली आणि मग भोकात हात घातला तर प्रत्येक थेंब तयार कामावर पडतो.

माझा क्रम असा: भोकांना लाखेचा हात, वाळू द्यायचा, फळी शेवटच्या पेपरने घासायची, भुकटी काढायची, मग फळी आणि भोकं मिळून पुढचा हात. फळीवर ब्रश ओढताना भोकाच्या मधून काठाकडे ओढू नका, ब्रशचे केस कडेवर पिळले जातात आणि आत ओघळ उतरतो. फळीवरून भोकाकडे येताना ब्रश जवळजवळ कोरडा असू दे.

स्टेन (लाकडात मुरणारा पातळ रंग) लावल्यावर भोकाच्या दोन बाजूंना काळे कान आलेत!

कान हा शब्द मला आवडला, दिसतात तसेच. भोकातला पातळ रंग उघड्या तोंडांतून नळ्यांत शिरतो आणि रेषेच्या दिशेने आतून पसरतो, मग भोकाच्या डावीउजवीकडे ५-१० मिमीपर्यंत गडद सावली दिसते. आतून आलेली असल्यामुळे घासून जात नाही.

आधीच टाळायचं. स्टेनच्या आधी भोकाला आतून पातळ लाख द्या, फक्त आतून, फळीवर आलेली लगेच पुसा, नाहीतर तिथे स्टेन धरणार नाही. भोक आतून मुद्दाम काळं करायचं असेल, जे दिसायला खरंच छान दिसतं, खोली वाढल्यासारखी वाटते, तर पातळ शाई वापरू नका. लाखेचा हात झाल्यावर घट्ट काळा ॲक्रिलिक रंग बोळ्याने लावा, तो जागचा हलत नाही.

तेल पुसून स्वच्छ केलं, तासाने बघतो तर भोकाभोवती परत तेलाचे थेंब!

नळ्यांत शिरलेलं तेल परत बाहेर येतंय. मोठ्या छिद्रांच्या लाकडात हे फार होतं. रेड ओकच्या नळ्या इतक्या मोकळ्या असतात की लहान तुकड्याच्या एका टोकाला तोंड लावून फुंकलं तर दुसऱ्या टोकाने पाण्यात बुडबुडे येतात, त्यामुळे भोकात घातलेलं तेल फळीच्या टोकाशी बाहेर आलं तर आश्चर्य वाटून घेऊ नका. व्हाइट ओकमध्ये त्याच नळ्या आतून बुजलेल्या असतात, म्हणून तर पिंपं त्याची करतात.

दर अर्ध्या तासाने पुसत राहा, तीनचार तास. थेंब तसेच वाळले तर चकचकीत फोड राहतात, ते मग ब्लेडने हलक्या हाताने खरवडावे लागतात.

फिनिशनंतर खुंटी भोकात जातच नाही.

गणित करून बघा. ब्रशने मारलेल्या पॉलियुरेथेनचा एक हात वाळल्यावर साधारण २५ ते ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) राहतो. ४० धरला आणि तीन हात मारले तर भिंतीवर ०.१२ मिमी, आणि भिंत दोन्ही बाजूंना असल्यामुळे व्यास ०.२४ मिमीने कमी. १० मिमीच्या भोकात ९.९ ची खुंटी आरामात जात होती, आता भोकच ९.७६ झालं. खुंटीवरही फिनिश असेल तर अजूनच.

त्याच मापाचा बिट हातात धरून, मशीनला न लावता, हळूच फिरवला की जास्तीचं निघतं, मग लाखेचा एक पुसता हात. पुढच्या वेळी अर्धा मिमी मोठं भोक घ्या किंवा आत फक्त लाख नाहीतर पुसून काढलेलं तेल लावा. अजून एक, लाकूड रेषेच्या आडवं फुगतं आणि आकसतं, रेषेच्या दिशेने जवळजवळ नाही, त्यामुळे गोल भोक दमट हवेत आणि कोरड्या हवेत थोडं थोडं लंबगोल होत असतं. अगदी घट्ट माप ठेवलं तर वर्षातून काही महिने ते अडकणारच.

डॉवेलच्या भोकात फिनिश जाऊ नये म्हणून काय करता?

कानात घालायचे फोमचे बोळे. बोटांनी चुरगाळून बारीक करायचे, भोकात घालायचे, ते आपोआप फुगून घट्ट बसतात, आणि फिनिश सुकल्यावर ओढून काढायचे. ८ ते १२ मिमीला तर मापात बसतात. पूर्ण कडक व्हायच्या आधी काढा, नाहीतर काठाचं फिनिश सोबत निघतं. मोठ्या भोकाला टिश्यू दाबून भरली तरी चालते. चुकून आत गेलंच तर त्याच मापाच्या बिटने हाताने कोरं लाकूड दिसेपर्यंत खरवडा, मगच गोंद.

पाण्यावर आधारलेलं फिनिश लावलं आणि भोक आतून केसाळ झालं.

पाण्याने तंतू उभे राहतात. फळीवर ते घासून जातात, भोकात पेपर नीट पोचत नाही म्हणून तसेच राहतात. पहिला हात लाखेचा दिला तर तंतू फारसे उठत नाहीत. आता झालंच असेल तर डॉवेलवर ३२० चा पेपर गुंडाळून हलके फिरवा आणि पुढचा हात द्या, दुसऱ्या वेळी इतके उठत नाहीत.

बाहेर ठेवायचं बाक आहे, स्क्रूच्या भोकांना काही लावायचं का?

नक्की लावायचं. पाणी सपाट बाजूने सहज शिरत नाही, स्क्रूच्या कडेने उतरतं आणि थेट एंड ग्रेनमध्ये जातं, आणि कुजायला सुरुवात तिथूनच होते. सोपं काम म्हणजे भोक पाडल्यावर बाहेर वापरायचं तेल किंवा पातळ व्हार्निश आतून भरपूर पाजायचं, वाळू द्यायचं आणि मग स्क्रू.

जिथे खूप पाणी लागतं तिथे बोटीवाल्यांची पद्धत वापरा. भोक मुद्दाम मोठं पाडायचं, आधी पातळ इपॉक्सी भिंतीला पाजायचं, मग घट्ट इपॉक्सीने भोक पूर्ण भरायचं, कडक झालं की त्याच्या मधोमध स्क्रूच्या मापाचं भोक पाडायचं. आता स्क्रूभोवती सगळीकडून इपॉक्सी आहे, लाकडाला पाणी लागतच नाही. खूप मोठं भोक एकदम भरू नका, इपॉक्सी साठून घट्ट होताना चांगलंच तापतं, दोन टप्प्यांत भरा.

लाकडातच आटे पाडले आहेत, त्यांना काय लावू?

जाड थराचं काहीच नको, आटे बुजतात. पातळ सुपरग्लूचे काही थेंब आट्यांवर मुरवा, पूर्ण कडक होऊ द्या, मग टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, पुन्हा फिरवा. आटे बरेच टणक होतात. खिडकी उघडी ठेवून करा, त्याची वाफ डोळ्यांना झोंबते.

आतलं वाळलं हे ओळखायचं कसं?

वरच्या फळीवरून अंदाज बांधू नका. नाक लावा. भोकातून वास येतोय तोवर आत काम चालू आहे. दुसरं, टिश्यूची कोरडी वात रात्रभर आत ठेवा, सकाळी तिच्यावर डाग नसेल आणि चिकटत नसेल तर वाळलं.

द्रावणांची वाफ हवेपेक्षा जड असते, ती उभ्या बंद भोकात तळाशी बसून राहते आणि खालचं ओलं ठेवते. वस्तू आडवी ठेवली किंवा ठोकळ्यांवर उलटी, भोकं खाली करून, ठेवली की वाफ उतरून जाते. एवढ्यानेच एकदोन दिवस वाचतात.

वापरलेल्या चिंध्या आणि बोळ्यांचं काय?

हे कृपया गांभीर्याने घ्या. जवसाचं तेल, डॅनिश ऑइल, तेलावर आधारलेलं व्हार्निश, हे वाळताना उष्णता सोडतात. चिंधी पसरलेली असेल तर उष्णता निघून जाते, पण चुरगाळून डब्यात टाकली तर आत साठत जाते आणि काडी न लावता पेट घेते. भोकांच्या कामात तर बोळे, वाती, पट्ट्या यांचा ढीग होतो आणि सवयीने आपण तो एका पिशवीत कोंबतो. तसं करू नका. प्रत्येक चिंधी एकेरी पसरून मोकळ्या हवेत वाळवा, कडक झाली की टाका, किंवा पाणी भरलेल्या, झाकण असलेल्या धातूच्या डब्यात बुडवून ठेवा. हे मी रोज करतो, काम संपल्यावर हात धुवायच्या आधी.

पूर्ण फिनिश झालेल्या फळीत एक भोक राहूनच गेलं, आता पाडू का?

पाडा. जागेवर मास्किंग टेप चिकटवा, खुणेवर दाभणाने टोचा, धारदार ब्रॅड पॉइंट वापरा आणि खाली टाकाऊ लाकूड धरा. टेप काढायच्या आधीच आतून लाख द्या, म्हणजे बाहेर आलेला थेंब टेपवर पडेल. मग टेप भोकाकडे ओढत हळूच काढा, उलट्या दिशेने ओढली तर काठाचं फिनिश उचलून येतं.